दूध तोडलं की पिल्लांना हगवण: ओवा-हळद घालूनही ती दर वेताला परत का येते?

कोकणात आणि गोव्यात वराहपालन करणाऱ्यांकडून ही तक्रार वर्षभर ऐकतो, पावसाळ्यात जास्त. पिल्लं आईजवळ असेपर्यंत तकतकीत असतात. दूध तोडून वेगळ्या खणात घातली की चौथ्या-पाचव्या दिवशी एखादं पातळ हगायला लागतं आणि आठवड्याच्या आत निम्म्या खणाला लागण होते. शेपटीखाली ओलं, पाठीवरचे केस उभे, डोळे खोल गेलेले. दोन-तीन जातात, उरलेली जगतात पण खुरटतात. मग कुणीतरी सांगतं म्हणून खाद्यात ओवा, हळद, लसूण पडतो, नाहीतर दुकानातून हर्बल पावडरचा डबा येतो. ते वेत कसंबसं सावरतं. पुढच्या वेताला पुन्हा तेच.

मी पशुवैद्यक आहे आणि या वनस्पतीजन्य पूरकांच्या बाजूचा आहे. नीट वापरली तर ती उपयोगी पडतात. पण आपल्याकडे ती हगवण थांबवायचं औषध म्हणून वापरली जातात आणि घोळ तिथेच होतो. त्यांचं काम आतड्याला आधार देण्याचं आहे. आतडं ज्यामुळे बिघडतंय ते खाद्यात आणि खणात तसंच राहिलं, तर हा आधार पुरा पडत नाही. म्हणून आधी कारण शोधायचं आणि ओवा त्यानंतर.

आज पिल्लं हगत असतील तर

पिल्लू जंतूंपेक्षा आधी पाणी कमी होऊन मरतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा मेडिकलमधलं ओआरएस, उथळ भांड्यात ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा ताजं करा. शेजारी साधं पाणीही हवंच, कारण पाण्याची टंचाई आणि मीठ एकत्र आलं तर डुकरांना मिठाची विषबाधा होते. खाद्य पूर्ण बंद करू नका, थोडं थोडं द्या. आजारी पिल्लं वेगळी करून त्यांना कोरडी, उबदार जागा द्या.

अँटिबायोटिक लागेल की नाही आणि कुठलं, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या. कोलिस्टिनची जुनी पाकिटं अजून कुणाच्या कपाटात असतील तर ती वापरू नका. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला भारतात 2019 पासून बंदी आहे, कारण माणसांच्या आयसीयूत जेव्हा दुसरं काही चालत नाही तेव्हा हेच औषध उरतं.

ही हगवण कुठली?

पिल्लू पाच ते पंधरा दिवसांचं, अजून दुधावरचं, हगवण दाट पिवळसर आणि अँटिबायोटिकला दाद न देणारी, असं असेल तर आधी कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, धरा. त्याचं औषध वेगळं आहे आणि ओव्याचा इथे काही संबंध नाही. दोन-अडीच महिन्यांच्या पुढच्या पिल्लांना रक्त-शेंब पडत असेल तर चाबूककृमी किंवा स्वाइन डिसेंट्री (जिवाणूंमुळे होणारी रक्ती हगवण) डोक्यात ठेवा.

लहान-मोठी सगळी जनावरं तापाने फणफणली, कानावर-पोटावर लाल-जांभळे डाग आले, माद्याही मरायला लागल्या, तर पुढे वाचत बसू नका. जनावरांची ने-आण थांबवा आणि त्याच दिवशी पशुसंवर्धन खात्याला कळवा. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा विषाणूजन्य ताप भारतात 2020 साली शिरला आहे आणि त्यावर उपचार नाही.

दूध तोडल्यावर तीन ते दहा दिवसांत लागणारी पाण्यासारखी हगवण मात्र बहुतेक वेळा ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूची असते. सगळेच ई. कोलाय वाईट नसतात. आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडणाऱ्या काही जातीच हा उद्योग करतात. त्यांच्यातल्याच काही जाती वेगळं विष सोडतात. मग हगवण दिसतही नाही, पण खणातलं सगळ्यात धष्टपुष्ट पिल्लू पापण्या सुजून, झोकांड्या खात अचानक जातं.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे आणि ती फार कमी लोक करतात. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून पीएच पट्ट्या, म्हणजे आम्ल की अल्कली हे रंगाने दाखवणाऱ्या पट्ट्या, आणा. पिल्लू हगत असतानाच पातळ शेण पट्टीवर घ्या, जमिनीवर मुतात मिसळलेलं नको. पीएच 8 च्या वर गेला तर आतडं स्वतःहून पाणी सोडतंय, म्हणजे विष सोडणाऱ्या ई. कोलायचा संशय वाढतो. 7 च्या खाली आला तर दूध किंवा पिष्ट न पचता खाली उतरून आंबतंय. रोटाव्हायरस, कॉक्सिडियात असं दिसतं. हा पुरावा नव्हे, दिशा आहे. पक्कं निदान हवं असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी गुदद्वारातून स्वॅब घेऊन तो पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेकडे डॉक्टरांमार्फत पाठवावा.

नेमकी दूध तोडल्यावरच का?

मादी तासाभराच्या अंतराने पाजते. त्या प्रत्येक पाजण्यात आतड्याला संरक्षक प्रतिद्रव्यं मिळत असतात. दूध तुटलं की ही ढाल एका दिवसात जाते आणि पिल्लाची स्वतःची अजून तयार नसते. मादीला ई. कोलायची लस दिली होती तरी तिचा फायदा दुधाबरोबरच संपतो.

दुसरी गोष्ट उपासाची. नवं खाद्य ओळखीचं नसल्यामुळे बरीच पिल्लं पहिला दिवस, काही तर दुसराही, जवळजवळ काही खात नाहीत. आतड्याच्या आतली मखमल, म्हणजे शोषणाचं काम करणारे बारीक उंचवटे, अन्नाशिवाय तग धरत नाहीत. चार-पाच दिवसांत त्यांची उंची निम्म्यावर येऊ शकते. मग तिसऱ्या दिवशी भूक अनावर होऊन पिल्लू एकदम पोटभर खातं आणि त्यातलं बरंच न पचता खाली उतरतं.

त्यात जठरात पुरेसं आम्लही नसतं. दुधातल्या साखरेपासून बनणारं लॅक्टिक आम्ल आतापर्यंत वेळ मारून नेत होतं, तेही गेलं. आम्लाचा पहारा ढिला पडला की तोंडातून आलेला ई. कोलाय जिवंत आतड्यात पोचतो आणि तिथे त्याला न पचलेल्या प्रथिनांचं ताट वाढलेलं मिळतं.

सोया पेंडीची बरणी

हे ताट बहुतेक वेळा सोयाबीनचं असतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. ते नीट उष्णता दिल्यानेच निकामी होतात. मोठ्या सॉल्व्हंट प्लांटची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) सहसा नीट भाजलेली असते. गावातल्या घाण्याची पेंड आणि घरी कढईत भाजलेलं सोयाबीन यांचा मात्र भरवसा नाही. वरून तपकिरी आणि आतून कच्चं, हे नेहमी पाहायला मिळतं. मोठी जनावरं तेवढं सोसतात. दूध तुटलेलं पिल्लू सोसत नाही.

तपासायला दोन झाकणाच्या काचेच्या बरण्या घ्या. एका बरणीत दोन चमचे बारीक केलेली सोया पेंड, एक चमचा शेतीचा युरिया आणि भिजेल इतकं कोमट पाणी घाला. दुसरीत पेंड न घालता फक्त युरिया आणि पाणी. पाणी हाताला सोसेल इतकंच कोमट हवं, उकळतं नको, नाहीतर जे तपासायचं तेच मरून जाईल. झाकणं घट्ट लावून वीस मिनिटं ठेवा आणि मग एकेक उघडून सावधपणे हुंगा. पेंडीच्या बरणीतून नाकात झोंबणारा अमोनिया आला तर पेंड कच्ची आहे. युरियाला कडुनिंबाचं आवरण असतं, त्याचा वेगळा वास येतो आणि गोंधळ होऊ शकतो. तो ओळखायलाच दुसरी बरणी. खात्री करायची असेल तर ओली केलेली पीएच पट्टी बरणीच्या तोंडाशी धरा, स्पर्श होऊ देऊ नका. अमोनिया असेल तर ती अल्कलीचा रंग दाखवते. काम झालं की बरण्या लगेच ओतून टाका. युरिया मिसळलेलं काहीही जनावरांच्या तोंडी लागता कामा नये.

या चाचणीत पेंड जास्त जळली आहे का ते कळत नाही. ती डोळ्यांनी आणि नाकाने ओळखावी लागते. गडद तपकिरी, करपट वासाची पेंड असेल तर तिच्यातलं लायसिन हे वाढीला लागणारं अमिनो आम्ल बांधलं जाऊन पिल्लाला मिळत नाही.

प्रत्येक नव्या पोत्याची ही चाचणी करा. "आधीचं पोतं चांगलं होतं" याला अर्थ नाही, कारण हगवण परत परत येते तेव्हा पोतंच बदललेलं असण्याची शक्यता मोठी असते.

खाद्यातलं बाकीचं

पिल्लं लवकर वाढावीत म्हणून प्रथिनं 22-24 टक्क्यांवर नेण्याची हौस सोडा. दूध तोडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे ती 17-18 टक्क्यांवर ठेवा आणि तूट लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन घालून भरा. ही अमिनो आम्लं वगळून नुसती प्रथिनं कमी केलीत तर हगवण थांबेल आणि वाढही थांबेल. खनिज मिश्रणाशिवाय वरून चुनखडी किंवा मार्बल पावडर घालत असाल तर या दोन आठवड्यांत ती अर्ध्या टक्क्याच्या आत आणा. ती जठरातलं होतं-नव्हतं आम्ल पिऊन टाकते, आणि हे फुकटात सुधारता येतं.

बुरशी लागलेला मका पिल्लांना अजिबात नको. पावसाळ्यात पोती भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवा. हॉटेलचं उरलेलं अन्न या वयाला देऊच नये. मोठ्यांना देत असाल तर पूर्ण उकळूनच द्या.

खण

थंडी वाजणारं पिल्लू हगतंच. महिन्या-दीड महिन्याच्या, नुकत्या दूध तुटलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात 28 ते 30 अंश ऊब लागते. कोकणात हवा गरम असते म्हणून आपण फसतो. जुलैतली ओली जमीन आणि रात्रीचा वारा ती ऊब खेचून घेतो. रात्री अकराला शेडमध्ये जाऊन बघा. पिल्लं शेजारी शेजारी पसरून झोपली असतील तर ठीक, एकमेकांवर चढून ढीग केला असेल तर त्यांना थंडी वाजते आहे. कोरडा पेंढा, बल्ब, वाऱ्याच्या बाजूला पोत्याचा आडोसा एवढं तरी करा.

पाण्याच्या निपलखाली भांडं धरून मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी पडतं का ते मोजा. खण रिकामा करून, धुऊन, चुना मारून, पूर्ण वाळवून मगच नवी पिल्लं घाला. जुन्या हगऱ्या पिल्लांच्या शेजारी नवी घालत राहिलात तर जंतूला वर्षभराचं घर मिळतं. आणि दूध तोडताना पिल्लं हलवण्याऐवजी मादी हलवा. तीन-चार दिवस पिल्लं ओळखीच्या जागेत राहिली की लवकर खायला लागतात.

दूध तोडण्याची घाई नको. युरोपीय संघातसुद्धा 28 दिवसांच्या आत दूध तोडायला, काही अपवाद सोडता, परवानगी नाही. आपल्याकडे लहान फार्मवर सहा आठवडे धरलेले बरे. वयाच्या दहाव्या-बाराव्या दिवसापासून रोज मूठभर ताजं खाद्य पिल्लांपुढे ठेवून तोंडाला चव लावा. दूध तुटल्यावर पहिले तीन-चार दिवस तेच खाद्य कोमट पाण्यात पातळ कालवून दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं द्या. उपास टाळण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आता ओवा, हळद, लसूण

युरोपीय संघाने 2006 पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं बंद केलं. दूध तुटल्यावर खाद्यात 2500-3000 पीपीएम (किलो खाद्यामागे तितके मिलिग्रॅम) झिंक ऑक्साइड घालायची पद्धत होती, तीही जून 2022 मध्ये संपवली. तेव्हापासून वनस्पतींकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. प्रयोग पुष्कळ झाले आणि निकाल एकसारखे नाहीत. याचं कारण समजून घेतलं की वापर कसा करायचा तेही कळतं.

ओव्यातला थायमॉल काचेच्या बशीत ई. कोलाय मारतो हे खरं. पण त्याला लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम लागतात. खाद्यात तो सहसा 50 ते 200 पीपीएम असतो. शिवाय उघडा दिलेला थायमॉल जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच जवळजवळ सगळा शोषला जातो. जिथे जंतू चिकटलेला असतो तिथवर फारसं काही पोचत नाही. म्हणून मेदाचं आवरण दिलेली उत्पादनं महाग असली तरी त्यांना अर्थ आहे. पाकिटावर आवरणाचा उल्लेख आणि किलोमागे सक्रिय घटक किती ग्रॅम, हे दोन्ही छापलेलं नसेल तर ते पाकीट घेऊ नका. "32 जडीबुटींचं मिश्रण" या वाक्यातून काहीच कळत नाही.

घरचा ओवा वापरणार असाल तर हिशोब करा. ओव्यात साधारण 2 ते 4 टक्के तेल आणि त्या तेलात निम्म्याच्या आसपास थायमॉल. म्हणजे किलोभर ओव्यातून 10 ते 20 ग्रॅम. लोक 50 किलोच्या पोत्यात एक मूठ टाकतात, म्हणजे साधारण 40 ग्रॅम. त्यातून खाद्यात येतो 8 ते 16 पीपीएम. एवढ्याने वास येतो, काम होत नाही. 100 पीपीएम गाठायला 100 किलो खाद्याला अर्धा ते एक किलो ओवा लागेल. त्याच्या पुढे जाऊ नका, कारण डुकराचं नाक फार तीक्ष्ण असतं आणि उग्र खाद्य ते सोडून देतं. ज्या दिवसांत उपास टाळायचा, त्याच दिवसांत आपण उपास घडवू. दालचिनी आणि लवंगेचं हेच आहे. ओवा चार-पाच दिवसांपुरताच कुटा आणि घट्ट डब्यात ठेवा. शेडभर ओव्याचा घमघमाट सुटला असेल तर तेवढं तेल हवेत गेलं, खाद्यात राहिलेलं नाही.

हळदीचं थोडं वेगळं आहे. तिच्यातला मुख्य घटक कर्क्युमिन रक्तात फारसं शोषलं जात नाही, ही माणसांच्या औषधात अडचण समजली जाते. इथे ते आतड्यातच राहतं आणि सूज कमी करायला तिथेच उपयोगी पडतं. बऱ्याच प्रयोगांत 200-300 पीपीएम कर्क्युमिन वापरलेलं दिसतं. 3 टक्के कर्क्युमिनच्या हळदीने ते गाठायचं तर 100 किलोला 700 ग्रॅम ते एक किलो हळद पडते. सुटी पिवळीजर्द पावडर घेऊ नका, रंगासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार होतात आणि शिसं पिल्लाच्या पोटात जाणं कुणालाच नको. हळकुंड आणून दळून घ्या.

लसणाचा ॲलिसिन ठेचल्यावर तयार होतो आणि लवकर नाहीसाही होतो. महिन्याभरासाठी खाद्यात मिसळून ठेवलेल्या ठेचलेल्या लसणाचा उपयोग नाही. रोजच्या पातळ कालवणात ताजा, अगदी थोडा ठेचून घालायचा असेल तर घाला.

हिरडा, डाळिंबाची साल यांच्यातले टॅनिन हगवण आवळतात, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण टॅनिन प्रथिनांना आणि लोहालाही बांधतात, आणि पिल्लांच्या अंगात लोह आधीच तुटपुंजं असतं. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी 200 मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन दिलेलं नसेल तर टॅनिनच्या वाटेला जाऊ नका. दिलं असेल तरी काही दिवसांपुरतंच वापरा. हंगामात काजूच्या बोंडांचा चोथा डुकरांना घालतात, त्यातही टॅनिन असतात. तो मोठ्यांना चालेल, दूध तुटलेल्यांना नाही.

या सगळ्यांपेक्षा माझी पहिली पसंती दोन साध्या वस्तूंना आहे. एक, चक्कीवरचा जाडसर गव्हाचा कोंडा, खाद्याच्या 4 टक्के. ई. कोलाय आतड्याच्या भिंतीऐवजी कोंड्याच्या कणांना चिकटून बाहेर पडू शकतो, आणि जाड कोंडा बारीक कोंड्यापेक्षा सरस ठरतो. दोन, शिजवलेल्या तांदळाच्या कण्या, मक्याच्या निम्म्या जागी. त्या जवळजवळ पूर्ण पचतात, त्यामुळे खाली जंतूंना उरत नाही. कण्या कोकणात मिळतात, आणि पिल्लांना आवडतातही.

खरंच फरक पडतो का, हे कसं बघायचं

वरचं सगळं एकदम बदललंत तर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही. आधी सोया पेंड, प्रथिनं आणि ऊब नीट करा आणि एक वेत जाऊ द्या. मग पूरकाची पारख करा. प्रत्येक वेतातली पिल्लं वजनाने जोड्या लावून निम्मी एका खणात, निम्मी दुसऱ्या खणात. खाद्य तेच, एका खणाला पूरकासह. एका खणाचं सांडपाणी दुसऱ्यातून वाहू देऊ नका. रोज सकाळी झाडण्याआधी प्रत्येक खणाला गुण द्या: घट्ट असेल तर 0, मऊ 1, पातळ 2, पाणी 3. दूध तोडण्याच्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी वजन करा, आणि खाद्य किती संपलं तेही मोजा. एका वेतावरून निकाल काढू नका, निदान तीन-चार वेतं बघा, आणि त्यांतलं एक तरी पावसाळ्यातलं असू द्या.

पूरकाच्या खणात गुण कमी आणि वजन जास्त आलं तर ते चालू ठेवा, पहिल्या तीन आठवड्यांपुरतं. पुढे आतडं सावरलेलं असतं, खर्च करायचं कारण उरत नाही. गुण कमी पण खाद्यही कमी संपलं असेल, तर पिल्लं बरी नाहीत, अर्धपोटी आहेत. मात्रा निम्मी करून पुन्हा बघा. दोन्ही खण सारखेच आले, तर तो डबा परत आणू नका, ते पैसे कण्यांना आणि बल्बच्या विजेला लावा.